पुरात भिजलेले फोटो : दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आत्याचे सहस्रचंद्रदर्शन एप्रिलच्या शेवटी आहे. त्या दिवशी घरातले जुने फोटो नीट करून मांडायचे, असे दिवाळीतच ठरले होते. पण माळ्यावरचा पत्र्याचा डबा आज खाली उतरवला. आत एकूण एकतीस फोटो निघाले. त्यांपैकी तेवीस कृष्णधवल, सात रंगीत आणि एक फ्रेमच्या काचेला कायमचा चिकटलेला आहे. कृष्णधवल फोटोंपैकी बहुतेकांनी १२ जुलै १९६१ चा पूर पाहिलेला आहे. त्या बुधवारी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याचा खालचा मजला पूर्ण बुडाला होता. पाणी ओसरल्यावर आजीने गाळातून फोटो वेचून काढले आणि वरच्या मजल्यावरच्या रद्दीत घालून, वर पाटा ठेवून वाळवले, एवढे वडिलांकडून ऐकलेले आहे.

जानेवारीत काम सुरू करण्याचे कारण हवा कोरडी आहे हे होय. पावसाळ्यात फोटोवरचे जिलेटिन ओलावा धरते, चिकट होते आणि बोटाचा ठसाही कायमचा घेते. मूळ प्रतींच्या बाबतीत नियम एकच ठेवला आहे : पाण्याचा थेंबही लावायचा नाही. खारीच्या केसांचा मऊ ब्रश आणि हवेचा फुगा, इतक्यावर भागवायचे. बाकीची सारी दुरुस्ती स्कॅनवर होईल.

२० जानेवारी, शनिवार

आज केवळ पाहणी केली. दुरुस्तीची घाई करणाऱ्याने निदान एक दिवस नुसते बघत बसावे, असे माझे मत झाले आहे, कारण फोटो कशाचा बनला आहे हे कळल्याशिवाय त्याला काय झाले आहे हेही कळत नाही.

सर्वांत जुना फोटो जाड पुठ्ठ्यावर डकवलेला आहे. त्याचा कागद अगदी पातळ, रंग पिवळट तपकिरी आणि भिंगातून पाहिल्यास पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे दिसते. हा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन प्रिंट आहे. आश्चर्य म्हणजे पुराचा याला फारसा त्रास झालेला दिसत नाही. तो बहुधा वरच्या मजल्यावर असावा. उरलेले बावीस जिलेटिनचे आहेत. कागद, त्यावर बॅरायटाचा पांढरा थर आणि त्यावर चांदीचे कण धरून ठेवणारे जिलेटिन, अशी त्यांची रचना असते. पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होते आणि त्या अवस्थेत ज्याला टेकेल त्याला, मग ती काच असो की वर्तमानपत्र, घट्ट धरून बसते. आमच्या फोटोंवर गाळाचे चहासारखे डाग आहेत, कडांना निळसर चंदेरी झाक आली आहे (चांदी पृष्ठभागावर येऊन बसल्याची ही खूण), सात फोटोंना कसरीने कुरतडले आहे आणि चार फोटोंवर वर्तमानपत्राची शाई उतरली आहे.

एक फोटो मात्र पुरातून वाचला आणि नंतर घरच्यांच्या हौसेला बळी पडला. नव्वदच्या दशकात कोणीतरी तो दुकानातून लॅमिनेट करून आणला. आता प्लॅस्टिक पिवळे पडून सुटते आहे आणि सुटताना चित्राचा थर सोबत नेते आहे. तो आहे तसाच ठेवला आहे.

२७ जानेवारी, शनिवार

स्कॅनिंगला सुरुवात केली. लहान फोटोंसाठी आणि मोठ्या समूहचित्रासाठीही इंचाला १२०० पिक्सेल ठेवले, प्रत्येक रंगाला १६ बिट, आणि फाइल टिफ. समूहचित्र फुल प्लेट म्हणजे साडेसहा गुणिले साडेआठ इंचांचे आहे. त्याचे जवळजवळ आठ कोटी पिक्सेल झाले आणि एकच फाइल ४७७ एमबीची निघाली. चुलतभावाने फोनवर विचारले की, कृष्णधवल फोटो रंगीत पद्धतीने स्कॅन करून जागा का वाया घालवायची? त्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात त्याला चित्रासकट पाठवायचे आहे.

वाकलेला अल्ब्युमेन प्रिंट स्कॅनरच्या झाकणाखाली दाबला नाही. दाबला असता तर त्या भेगा मधोमध उलल्या असत्या. तो कॅमेऱ्याने घ्यायचा.

४ फेब्रुवारी, रविवार

रंगीत स्कॅनचा उपयोग आज दिसला. असा स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या वेगवेगळ्या चित्रांचा, म्हणजे चॅनेलचा, बनलेला असतो. गाळाचा डाग पिवळट तपकिरी असतो. त्यामुळे तो निळ्या चॅनेलमध्ये काळाकुट्ट दिसतो, हिरव्यात मध्यम आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. समूहचित्राचे तीनही चॅनेल शेजारी शेजारी लावले, तेव्हा निळ्यामध्ये मागच्या रांगेतली तीन माणसे डागाखाली बुडालेली होती आणि लालमध्ये तीच तिघे टोप्यांच्या घड्यांसकट उभी होती. ब्रशचा एकही फटकारा न मारता निम्मे काम झाले. राखाडी स्कॅन केला असता तर स्कॅनरने तिन्हींची सरासरी काढून हा फरक कायमचा मिटवला असता. हे तिन्ही चौकोन चुलतभावाला पाठवले. त्याचे उत्तर आले, ‘‘बरं, मानलं.’’

वर्तमानपत्राच्या शाईला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण शाई काळीच आहे आणि तिन्ही चॅनेलमध्ये सारखीच दिसते. समूहचित्रात बसलेल्या दोन बायकांपैकी डावीकडच्या बाईच्या नऊवारीवर उलटी अक्षरे उमटली आहेत. चित्र आडवे पलटवून पाहिले तर ‘गूळ’ आणि त्याखाली ‘शेंगदा’ एवढे स्वच्छ वाचता येते. बाजारभावाचे पान असावे. आजीने हाताला आली ती रद्दी वापरली, हे उघड आहे. पुसण्याआधी त्या भागाची वेगळी प्रत काढून ठेवली. पुराची दुसरी एवढी बोलकी निशाणी घरात नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

काचेला चिकटलेला फोटो हा आजोबांचा तरुणपणीचा एकट्याचा फोटो आहे. आत पाणी शिरून जिलेटिन काचेला चिकटले आणि तसेच वाळले. सुट्या राहिलेल्या भागात चित्र मंद आहे आणि चिकटलेल्या भागात ओले असल्यासारखे चकचकीत, त्यामुळे चेहऱ्यावर नकाशातल्या बेटांसारखे आकार दिसतात. वाफ देऊन किंवा पाण्यात बुडवून काच सोडवण्याचे सल्ले पुष्कळ मिळतात. मी ते करणार नाही. चित्र कागदावर राहील की काचेवर, हे पाण्यात घातल्याखेरीज कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे. सोडवायचाच झाला तर तशा ठिकाणच्या प्रशिक्षित हातांनी सोडवावा.

आज काचेतूनच त्याचे छायाचित्र घेतले. फोटो टेबलावर आडवा ठेवून कॅमेरा बरोबर वर लावला, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर दिवे ठेवले आणि समोर दिसेल ते सगळे, माझ्या शर्टासकट, काळ्या कापडाने झाकले. दिव्यांवर ध्रुवीकरण करणारी फिल्म लावली आणि भिंगावर ध्रुवीकरणाचा फिल्टर घालून तो हळूहळू फिरवला; एका ठरावीक कोनावर काचेची चकाकी आणि कडांची चंदेरी झाक दोन्ही एकदम विझल्या आणि आजोबांच्या कोटाची वीण दिसू लागली. बेटे पुसट झाली, गेली नाहीत. याच मांडणीत अल्ब्युमेन प्रिंटही घेतला.

१८ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात रोज रात्री दीड-दोन तास समूहचित्रावर गेले. गिंप या चित्रदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटच्या साधनाने चित्राचे बारीक पोत आणि मोठे उजेड-अंधार असे वेगवेगळे थर करून घेतले. डागाच्या मोठ्या छटा खालच्या थरावर सपाट करायच्या आणि ओरखडे वरच्या थरावर बुजवायचे, म्हणजे कापडाचा पोत मेणासारखा गुळगुळीत होत नाही. प्रत्येक दुरुस्ती रिकाम्या नव्या लेयरवर, म्हणजे हवा तेव्हा बंद करता येणाऱ्या वरच्या पारदर्शक थरावर, केली आहे आणि खालच्या मूळ स्कॅनला हात लावलेला नाही. ही शिस्त सुरुवातीला कंटाळवाणी वाटते.

साडीवरची ‘गूळ’ आणि ‘शेंगदा’ ही अक्षरे काढायला एक पूर्ण रात्र लागली. हीलिंग ब्रश तिथे चालला नाही, कारण तो आजूबाजूची शाईच ओढून आणत होता. शेवटी साडीच्या दुसऱ्या निऱ्यांमधला तुकडा क्लोन करून, म्हणजे जसाच्या तसा उचलून, निरीची दिशा पाहत, अक्षराच्या एकेका कान्यावर काम करावे लागले. डावीकडची बाई म्हणजे आजी. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात ‘आई व थोरली काकू, १९३६’ असे आहे, त्या क्रमानेच मी धरले. तिच्या गालावरचे बुरशीचे ठिपके, कपाळावरचा ओरखडा आणि हनुवटीवर शाईचे तीन पुसट शिंतोडे होते, तेही काढले. उजवीकडच्या बाईचा चेहरा सुदैवाने बराच चांगला आहे.

पुढे जमिनीवर बसलेल्या एका मुलाच्या चेहऱ्याच्या जागी काहीच उरलेले नाही. तिथले जिलेटिन वर्तमानपत्राबरोबर निघून गेले आहे आणि खाली बॅरायटाचा पांढरा थर उघडा पडला आहे.

३ मार्च, रविवार

चुलतभावाच्या आग्रहास्तव समूहचित्र चेहरे सुधारणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनातून काढून पाहिले. परिणाम पाच सेकंदांत मिळाला आणि पहिल्या दर्शनात थक्क करणारा होता. मग जवळ जाऊन पाहिले. दोन्ही बायकांच्या नथी वरच्या ओठात विरघळल्या होत्या. मागच्या रांगेतल्या तिघांचे डोळे एकाच माणसाचे वाटत होते. आणि पुढच्या मुलाला एक नवाकोरा, गोंडस, कोणाचाच नसलेला चेहरा मिळाला होता. ते साधन फोटोत आहे ते शोधत नाही. हजारो इतर चेहऱ्यांवरून इथे काय असण्याचा संभव आहे, ते काढते. अनोळखी माणसाच्या फोटोत हे खपून जाते. आपल्या घरच्या फोटोत खपत नाही, कारण आपण तो फोटो संभव पाहण्यासाठी उघडतच नाही.

चुलतभावाचे म्हणणे होते, ‘‘निदान त्या पोराचा चेहरा तरी ठेव, इतका पांढरा डाग बरा दिसत नाही.’’ त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, नजर सारखी तिथेच जाते. मधला मार्ग म्हणून त्या जागी आजूबाजूच्या छटेचा सपाट करडा भरला. डोके आहे हे कळते. चेहरा गेला आहे हेही कळते.

रंग भरण्याची मागणी मात्र पूर्ण नाकारली आणि त्याचे कारण इथे लिहून ठेवतो. त्या काळच्या स्टुडिओत निगेटिव्हसाठी ऑर्थोक्रोमॅटिक काचा सर्रास वापरत. त्यांना निळा आणि हिरवा रंग दिसे, लाल जवळजवळ दिसत नसे. म्हणूनच या फोटोंमध्ये कुंकू काजळासारखे काळे उमटले आहे. साडी काळपट दिसते म्हणजे ती काळी, गडद हिरवी की लालभडक, हे त्या छटेवरून सांगता येत नाही. उलट लाल लुगडे हिरव्यापेक्षा अधिक काळे येण्याचाच संभव. जी माहिती काचेने टिपलीच नाही ती मी कोठून आणणार?

१० मार्च, रविवार

सातही रंगीत फोटो संपवले. १९७८ च्या लग्नाचे हे फोटो पूर नव्हे तर काळाने बिघडवले आहेत : अंधारात ठेवूनही त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग आधी उडतो आणि सगळे वऱ्हाड तांबूस होते. चॅनेल वेगवेगळे ताणून, धाकट्या काकांच्या पांढऱ्या टोपीला तटस्थ धरून ते जागेवर आणले. टोपी स्वतः किंचित पिवळी झालेली असणार हे गृहीत धरून थोडी कसर सोडली. आठवड्याभरात संपले, यात सांगण्यासारखे फार नाही.

२५ मार्च, सोमवार (धुळवड)

छपाईपूर्वीचे नमुने घेऊन आज आत्याकडे गेलो. समूहचित्र ए फोर कागदावर काढले होते, शिवाय लॅपटॉपही नेला होता. हा डबा वडिलांकडेच राहिल्यामुळे आत्याने हे चित्र पुरानंतर पाहिलेलेच नव्हते आणि पुरापूर्वी ते कपाटात असे, भिंतीवर नसे.

तिने चष्मा बदलला, कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी डावीकडे बोट ठेवून म्हणालो, ‘‘ही आजी.’’

‘‘ही आई नव्हे रे,’’ ती म्हणाली. ‘‘ही थोरली काकूच वाटते. पण काकू कशी म्हणू? तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. तीन ठिपके. मी मांडीवर बसून त्यांवर बोट फिरवायची, ते अजून आठवतंय. हिची हनुवटी तर कोरी आहे.’’

लॅपटॉप उघडून दुरुस्तीचा लेयर बंद केला. हनुवटीवर तीन ठिपके आले, दोन वर आणि एक खाली. आत्याने पडद्याजवळ तोंड नेले आणि एवढेच म्हणाली, ‘‘हां. आता काकू.’’

काकू आत्याच्या सातव्या-आठव्या वर्षी गेली. तिचा दुसरा फोटो घरात नाही, असे आत्या म्हणते.

३० मार्च, शनिवार

मूळ प्रिंट पुन्हा बाहेर काढला. खोलीत अंधार करून विजेरी कागदाच्या पातळीलगत आडवी धरली. अशा तिरप्या उजेडात पृष्ठभागावर बसलेली प्रत्येक गोष्ट आपली सावली टाकते. साडीवरची अक्षरे शाईच्या कातडीसारखी उचललेली दिसली, बुरशीच्या ठिपक्यांना खवले दिसले. हनुवटीचे तीन ठिपके मात्र दिसलेच नाहीत. पृष्ठभाग तिथे सपाट होता. म्हणजे ते वर नव्हते, चित्राच्या आत होते. भिंगातून पाहिल्यावर तिथला कण आणि गालावरचा कण एकसारखा आहे, हेही स्पष्ट झाले. ही तपासणी दीड मिनिटाची आहे. ती मी पुसण्याआधी करायला हवी होती.

ठिपके इतके पुसट का, हेही कळते. गोंदण निळसर हिरवे असते आणि ऑर्थोक्रोमॅटिक काच तोच रंग चांगला पाहते, म्हणून तो डोळ्यांना दिसतो तितका गडद उमटत नाही. तांबूस सावळी कातडी मात्र प्रत्यक्षापेक्षा काळी उमटते. दोन्हींमधला फरक त्यामुळे आटतो. शिवाय त्या काळी रिटचर काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने रेघा ओढून सुरकुत्या आणि डाग उजळ करीत असत. इथेही तशी पेन्सिल फिरली असेल तर १९३६ मध्येच कोणीतरी माझ्यासारखीच चूक अर्धी करून ठेवली होती. चेहऱ्याची उंची चौदा मिलिमीटर आणि एकेक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान. स्कॅनमध्ये तो चौदा पिक्सेल भरतो, म्हणजे दिसत नव्हता असे मला म्हणता येणार नाही.

दुपारपासून उरलेल्या सर्व फोटोंचे दुरुस्तीचे लेयर एकेक करून बंद-चालू केले आणि पुसलेली प्रत्येक खूण मूळ प्रिंटवर विजेरीने ताडून पाहिली. आणखी एकच चूक सापडली : एका ओसरीच्या फोटोत भिंतीवरची जी उभी भेग मी बुजवली होती, ती झोपाळ्याची कडी निघाली. तीही परत आणली.

१४ एप्रिल, रविवार

गुढीपाडव्यानंतर छपाई झाली. मॅट कागदावर, पिगमेंटच्या शाईने, मूळ आकारापेक्षा दीडपट. समूहचित्राचे प्रिंट दोनदा काढावे लागले, कारण पहिल्यात मी ठिपके थोडे ठळक केले होते. आत्याला नीट दिसावेत हा हेतू होता. पण मूळ प्रतीत जितके आहेत तितकेच असावेत, म्हणून ते परत घेतले. आत्याला भिंग देता येईल.

मुलाच्या जागचा करडा गोल तसाच आहे. काचेला चिकटलेल्या फोटोतली बेटेही पुसली नाहीत, फक्त चेहऱ्यावरून जाणारी एक कडा सौम्य केली.

२१ एप्रिल, रविवार

मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत घातले. नावे पाकिटांवर शिसपेन्सिलने आणि आत फोटो घालण्याआधी लिहिली, म्हणजे दाब फोटोवर उमटत नाही. डबा माळ्यावर परत जाणार नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते आणि पावसाळ्यात ओल. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला खण, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक आर्द्रतामापक, अशी व्यवस्था केली आहे. आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत राहावी असा प्रयत्न आहे. जुलैत ते कितपत जमते ते पाहू. डांबरगोळ्या ठेवल्या नाहीत. फाइलींच्या तीन प्रती केल्या. त्यांपैकी एक चुलतभावाकडे गेली.

वडिलांचे पाकीट फेकले नाही. त्यावरचे ‘आई व थोरली काकू, १९३६’ तसेच ठेवून खाली पेन्सिलने लिहिले : ‘डावीकडे थोरली काकू (हनुवटीवर गोंदण), उजवीकडे आजी. आत्याने ओळखले, धुळवड २०२४.’ स्कॅनच्या फाइलीतही हीच ओळ भरली आणि ‘आजी_१९३६’ हे फाइलीचे नाव बदलले.

लॅमिनेट केलेल्या फोटोचे काम बाकी आहे.